वाकड्या दांड्यांची सायकल

(रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत आपल्या सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या मालेत आतापर्यंत मधुमेह झाला, मृत्युपत्र झालं, गच्चीवरची भाजी झाली. सगळे विषय उपयोगाचे. आज माझ्या वाट्याला आली आहे एक जुनी सायकल. मी चौतीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काढली. मला बोलायची सवय नाही, मोजायची आहे. त्यामुळे भाषणात अलंकार कमी आणि मिलिमीटर जास्त येतील, ते सांभाळून घ्या.

बी विंगच्या जिन्याजवळ उभी असलेली ती गडद लाल सायकल तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्याबद्दल मला लिफ्टमध्ये दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "काका, हिचे मागचे दांडे वाकडे का?" दुसरा, "एवढी जुनी वस्तू, मग कॉलेजला कशाला नेऊ देता?" या दोन प्रश्नांची उत्तरं म्हणजेच आजचं भाषण.

गेल्या वर्षीच्या वार्षिक सभेत ठराव झाला की पार्किंगमधल्या बेवारस सायकली पंधरा दिवसांत हलवाव्यात, नाहीतर भंगारात काढल्या जातील. ठराव योग्यच होता. अकरा सायकली धूळ खात होत्या, आणि पावसाळ्यात त्यांच्या आडोशाला काय काय राहायला यायचं ते तळमजल्यावाल्यांना विचारा. नोटीस लागली त्या संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू माझ्याकडे आल्या. काका जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. सायकल दुरुस्त करून द्या असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊजी, ही टाकायच्या लायकीची आहे का, एवढंच बघून सांगा. असेल तर मी अडवणार नाही."

मी खाली जाऊन पाहिली. चाकं बसलेली, चेन गंजून काठीसारखी ताठ, सीटच्या कातड्याला भेगा, आणि मागचे दांडे, म्हणजे सीटखालून मागच्या चाकाकडे जाणारे आणि पायडलकडून चाकाकडे जाणारे असे दोन्ही, नागमोडी वाकलेले. कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याला दाखवली. तो लगेच म्हणाला, "काका, ॲक्सिडेंटची गाडी आहे. एक दिवस द्या, दांडे गरम करून सरळ करून देतो." त्याचा हेतू चांगलाच होता. पण अपघाताने वाकलेली वस्तू दोन्ही बाजूंना सारखी वाकत नाही. आधी मोजूया म्हटलं.

मुलांनो, हे मोजमाप तुम्हीही करू शकता. फक्त सुतळी लागते. मागचं चाक काढायचं. एस जिथे बसतो त्या डाव्या खाचेला सुतळी बांधायची, ती पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून आणायची आणि उजव्या खाचेला ताणून बांधायची. मग मधल्या उभ्या नळीपासून दोन्हीकडच्या सुतळीचं अंतर मोजायचं. फ्रेम सरळ असेल तर दोन्ही अंतरं सारखी येतात. इथे फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आतला होता. मग पुठ्ठ्यावर डाव्या दांड्याचं वळण आखून कापलं आणि उलटं करून उजव्या दांड्याला लावून पाहिलं. चपखल बसलं. म्हणजे हे वळण कुणीतरी विचार करून, साच्यात घालून दिलेलं होतं. वेल्डिंगवाल्याला म्हटलं, "बाबा रे, ही वाकडीच जन्माला आली आहे."

जोडांवरचा रंग हलक्या हाताने पुसला तशी नक्षी दिसायला लागली. साध्या सायकलीत नळ्यांच्या जोडावर एक साधा पोलादी खोबणीचा तुकडा असतो, त्याला लग म्हणतात. इथे तो लग वेलबुट्टीसारखा कोरलेला होता. वाकडे दांडे आणि कोरीव लग एकत्र दिसले की सायकलवाल्यांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते हेचिन्सचं. हायमन हेचिन हे मूळचे रशियातले. लंडनला आले आणि टॉटनहॅम भागात त्यांनी सायकलींचं दुकान थाटलं. त्यांच्याकडे जॅक डेनी नावाचे कारागीर फ्रेम बनवत. १९३०च्या दशकात त्यांनी हे वळणदार दांडे आणले. रस्त्याचे हादरे त्या वळणात जिरतात, पण चाक बाजूला हलत नाही, असा त्यांचा दावा होता. प्रत्यक्षात किती फरक पडतो यावर सायकलवाले अजून भांडतात. आपल्याकडे चहात आलं आधी की साखर आधी यावर भांडतात, तसंच ते. फ्रेमवर ठोकलेला क्रमांक आणि लगची नक्षी परदेशातल्या हौशी मंडळींनी जपलेल्या फोटोंशी ताडून पाहिली. ही सायकल १९५०च्या सुमाराची निघाली.

आता सायकलीवर एवढं कोरीवकाम कशासाठी? याची गोष्ट मजेची आहे. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या सायकल संघटनेने रस्त्यावरच्या झुंडीच्या शर्यती बंद केल्या. पोलिसांशी आणि घोडागाडीवाल्यांशी तंटे नकोत म्हणून. मग शर्यतवाले पहाटे उठून, काळे कपडे घालून, एकेका मिनिटाच्या अंतराने एकटे सुटायचे आणि घड्याळाशी स्पर्धा करायचे. मार्गाचं नावही उघड न सांगता सांकेतिक क्रमांकाने सांगायचे. ही रीत पुढे कितीतरी वर्षं चालली. १९४२ साली पर्सी स्टॅलर्ड यांनी लँगोलेन ते वुल्व्हरहॅम्प्टन अशी खुली शर्यत घेतली, तेव्हा संघटनेने त्यांनाच बाहेर काढलं. त्यात हौशी खेळाडूने कंपनीची जाहिरात करायची नाही, असाही कडक नियम. सायकलीवरचं नाव फोटोत झाकलं, तरी आकार कसा झाकणार? म्हणून त्या काळच्या छोट्या कारखान्यांनी लांबून ओळखू येतील अशा फ्रेम काढल्या, असं सांगतात. हादऱ्यासाठी म्हणा की ओळखीसाठी, वाकडे दांडे कामाला आले एवढं खरं.

ही सायकल पुण्यात कशी आली ते काकूंकडून कळलं. काका तरुणपणी नोकरीसाठी दादरला राहत होते. तिथल्या एका पारशी गृहस्थांकडून त्यांनी ती हप्त्याने घेतली. मुंबईच्या पारशी तरुणांत सायकल शर्यतीचा मोठा शौक होता. १९४८च्या लंडन ऑलिंपिकला भारताचा जो सायकल संघ गेला, त्यात मुंबईचे पारशी खेळाडू होते. काकांनी या सायकलीवर एकदा मुंबई-पुणे शर्यतही केली. खोपोलीहून लोणावळ्यापर्यंत साडेपाचशे मीटरच्या आसपास चढ, आणि सायकल फिक्सची. फिक्स म्हणजे फ्रीव्हील नाही, चाक फिरतंय तोवर पाय फिरलेच पाहिजेत, उतारावरसुद्धा. काका म्हणायचे, "नंबर आला नाही, पण पुण्यात आलो तो सायकलीवर बसून आलो, टेम्पोत बसून नाही." पुढे तीस वर्षं ते याच सायकलीवर कामावर गेले.

तेव्हा काकूंच्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. ही टाकायच्या लायकीची नाही. पुढचं काम मात्र सोपं नव्हतं.

सगळ्यात आधी अडली ती सीटची दांडी. फ्रेम पोलादाची, दांडी ॲल्युमिनियमची. दोन वेगळे धातू, मध्ये पावसाचं पाणी आणि घाम, की दोन्ही एकमेकांना धरून बसतात. अशा वेळी हातोडा मारायचा मोह होतो. पण ही फ्रेम रेनॉल्ड्स ५३१ नळीची. बर्मिंगहॅमचे हे रेनॉल्ड्स मूळचे खिळे बनवणारे. टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचं पेटंट त्यांनी १८९७ साली घेतलं, आणि ५३१ हे मँगनीज-मॉलिब्डेनमचं पोलाद १९३५ साली आणलं. नळीची जाडी मधल्या भागात एक मिलिमीटरहूनही कमी. हातोडा मारला की संपलं. म्हणूनच वेल्डिंगही नको. हे जोड पितळी झाळेचे असतात, आर्कच्या उष्णतेत पातळ नळी टिकत नाही.

आठ दिवस रोज सकाळ-संध्याकाळ गंज सोडवणारं तेल सोडलं. दांडी हलेना. मग एक साधा हिशेब केला. तापमान बदललं की ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आकुंचन पावतं. म्हणजे फ्रेम तापवण्याऐवजी दांडी गार करायची. दांडी पोकळ होती. आत खाली चिंधीचा बोळा सारला आणि पॉट आइस्क्रीमला घालतो तसा बर्फ आणि खडेमीठ ठासून भरलं. त्या रविवारी बी विंगमधल्या प्रत्येक फ्रीजमधला बर्फ खाली आला होता, हे इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. वीस मिनिटांनी वरूनही बोळा लावून फ्रेम उलटी केली, दांडी वाइसमध्ये पकडली आणि दोघांनी अख्खी फ्रेमच पान्ह्यासारखी फिरवली. मिलिमीटरचा शंभरावा-दोन शंभरावा हिस्सा सुटला असेल, पण तेवढा पुरला. करकर आवाज झाला आणि दांडी फिरली. टाळ्या बर्फ आणणाऱ्यांनीच वाजवल्या. व्हर्नियरने मोजली तर २७.२ मिलिमीटर. चांगल्या ५३१ फ्रेमचं हे ओळखीचं माप आहे.

नंतर पायडलच्या एसाचं घर. इंग्लिश सायकलीत उजव्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात. तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे माहीत नसलेला माणूस सोडवायला जातो आणि आणखी आवळून ठेवतो. आतले छर्रे बदलले, पाव इंची, एका बाजूला अकरा. कॉटर पिना वाइसमध्ये दाबून काढल्या, म्हणजे दुपारी झोपलेल्यांना ठोकाठोकीचा त्रास झाला नाही. ही माझी सोसायटीची सेवा समजा.

रंगाबद्दल खूप जणांनी सुचवलं, "नवा मारून टाका, चकाचक दिसेल." तो मी मारला नाही. हा लाल रंग साधा नाही. खाली चंदेरी थर आणि त्यावर पारदर्शक लाल, म्हणून उन्हात तो आतून चमकतो. स्प्रेवाल्याकडून त्याची जोड मिळत नाही. शिवाय वरच्या दांड्यावर काकांनी रंगाऱ्याकडून स्वतःची आद्याक्षरं काढून घेतली होती. ती घालवून काय मिळवायचं होतं? गंजलेल्या जागा तेवढ्या साफ करून बंद केल्या, बाकी मेण लावलं. ओरखडे आहेत तसे आहेत.

इथपर्यंत सगळे एकमताचे होते. खरा प्रश्न पुढे आला. सायकल उभी राहिली, फोटो इकडून तिकडे गेले आणि मुंबईहून एका संग्राहकांचा फोन आला. त्यांना ती विकत हवी होती, अगदी मूळ स्वरूपात. रक्कम सांगत नाही, पण त्या वर्षीचा आपला लिफ्टच्या दुरुस्तीचा खर्च तिच्यात निघाला असता. त्याच आठवड्यात काकूंची नात, जिला तुम्ही सगळे ओळखता, मला म्हणाली, "आजोबा, मी ही कॉलेजला नेऊ का?"

त्यावरून पार्किंगमध्ये जी चर्चा झाली ती वार्षिक सभेपेक्षा जोरात होती. एक पक्ष म्हणाला, विका, मुलीच्या शिक्षणाला पैसे होतील. दुसरा म्हणाला, विकू नका, पण काचेच्या कपाटात ठेवा. कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी सायकलींचं सुंदर संग्रहालय केलं आहे, तशा जागी ती शोभेल. तिसरा पक्ष फक्त नातीचा होता. माझं स्वतःचं मन दुसऱ्या पक्षाकडे होतं, हे मी लपवत नाही. सत्तर वर्षांची फ्रेम, पुण्यातली वाहतूक, कॉलेजचा सायकल स्टँड. काय भरवसा?

काकू शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "विकली तर पैसे येतील आणि संपतील. काचेत ठेवली तर मी रोज पुसेन, पण माझ्यामागे कोण पुसणार? ह्यांनी ती तीस वर्षं स्टँडवरच लावली. ही चालवणार असेल तर तिला निगा शिकावी लागेल. निगा शिकलेलं माणूस घरात असलं की वस्तू टिकते."

यावर कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

आता ती चालवायची तर तिच्या मापाची करायला हवी. काका उंचीला बेताचे होते, फ्रेम एकवीस इंची. नात त्यांच्यापेक्षा दोन बोटं उंचच, त्यामुळे फ्रेमचा प्रश्न नव्हता. पण फिक्सचं चाक, खाली वाकवणारं हँडल आणि एकच पुढचा ब्रेक घेऊन सिंहगड रस्त्यावर पाठवणं मला मान्य नव्हतं. तेव्हा मी एकच अट घातली. जे काही बदलायचं ते उद्या परत पूर्ववत करता आलं पाहिजे. कापायचं नाही, भोक पाडायचं नाही, झाळायचं नाही. निघालेला एकही वायसर फेकायचा नाही.

पहिला बदल गिअरचा. काकांची सायकल पुढे ४८ दात, मागे १८, चाक २७ इंची. ४८ भागिले १८ गुणिले २७, उत्तर ७२. सायकलवाले याला ७२ इंचाचा गिअर म्हणतात. त्याला पायने गुणलं की २२६ इंच, म्हणजे पायडलच्या एका फेरीत पावणेसहा मीटर. सपाटीवर झकास, चढावर गुडघे बोलतात. मला त्या काळाला शोभेल असाच गिअर हवा होता. जुन्या बाजारात चार बुधवार-रविवार घालवल्यावर स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा एडब्ल्यू हब मिळाला. हा हब १९३६ साली आला. सगळे दाते आत, बाहेर काही दिसत नाही. पहिल्या गिअरला वेग पाऊणपट, दुसरा सरळ, तिसरा सव्वापटीहून थोडा जास्त. पुढे ४६ दात आणि मागे २० लावल्यावर गिअर आले साधारण ४७, ६२ आणि ८३. चढाला, गावात आणि मोकळ्या रस्त्याला, तिन्हीची सोय झाली. हबच्या रुंदीने जुन्या फ्रेमला ताण पडला नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं.

त्या हबला भोकं चाळीस. इंग्लिश सायकलींची जुनी रीत अशीच, मागे ४० आणि पुढे ३२. तशी २७ इंची रिम शोधायला सहा आठवडे लागले. टायरच्या बाबतीत सगळ्यांना एक सांगतो, नावावर जाऊ नका. २८ बाय दीडचा आपला नेहमीचा टायर आणि २७ बाय सव्वाचा टायर यांच्या बसायच्या व्यासात फक्त पाच मिलिमीटरचा फरक आहे, ६३५ आणि ६३०. नवीन ७०० सीचा व्यास ६२२. नाव काहीही असो, टायरच्या कडेला छापलेला हा आकडा बघूनच घ्या.

चाक मी बांधलं नाही. नातीने बांधलं. तीनदा सोडून पुन्हा बांधलं. सगळे स्पोक सारखे ताणले गेले की बोटाने छेडल्यावर सारखा सूर येतो. ती गाणं शिकते, त्यामुळे ढिला स्पोक तिला माझ्याआधी ऐकू यायचा. आउट काढायला मात्र तिला दोन रविवार लागले. मागच्या ब्रेकसाठी पुलाला भोक मूळचंच होतं, तिथे ब्रेक बसवला. हँडल थोडं वर आणि छातीकडे येणारं घातलं. सीट ब्रुक्सची, कातडी. फाटलेली जागा आमच्या चांभारदादांनी आतून अस्तर लावून शिवली. बटण दाबून लागणारा दिवा पट्ट्याने बांधला, म्हणजे रंगाला धक्का नाही.

मूळचं हँडल, शर्यतीची चाकं, फिक्सचा दातेरी चक्कर, जुनी चेन, सगळं तेल लावून, कागदात गुंडाळून, चिठ्ठ्या लावून काकूंच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहे. यादीची एक प्रत ट्रंकेत, एक माझ्याकडे. उद्या कुणाला ही सायकल १९५० साली होती तशी हवी असेल तर एका सुट्टीच्या दिवसाचं काम आहे. त्या संग्राहकांनाही मी हेच कळवलं. ते भले गृहस्थ. त्यांनी उलट ब्रेकचे जुने रबर पाठवून दिले.

गेल्या जूनपासून सायकल रोज कॉलेजला जाते. दोन पंक्चर झाली, दोन्ही नातीनेच काढली. एकदा स्टँडवर शेजारची सायकल अंगावर पडून रंगाला नवा ओरखडा आला. ती हिरमुसली होती. काकूंनी चष्मा लावून तो पाहिला आणि म्हणाल्या, "हा तुझा. बाकीचे ह्यांचे."

मंडळी, नोटिशीतल्या अकरापैकी ही एक झाली. उरलेल्या दहांपैकी सहा आता चालू आहेत, तीन वॉचमनच्या आणि कामवाल्या मावशींच्या मुलांना दिल्या, आणि एकच खरोखर भंगारात गेली. त्या निमित्ताने पंप, पान्हे आणि पंक्चरचं सामान यांचं एक कपाट बी विंगखाली झालं, त्याला समितीने मंजुरी दिली, त्याबद्दल आभार. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ ते दहा मी तिथे असतो. मुलांनो, पान्हा धरायला या. आणि मोठ्यांनो, माळ्यावर, बाल्कनीत काही जुनं पडलं असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा दाखवा. टाकायच्या लायकीचं असेल तर तसं मी सरळ सांगेन.

 चहा तयार आहे असं कळतंय.